मोड २ मध्ये एक उत्तर, मोड ११ मध्ये दुसरं: ग्राफवरून बांधलेल्या कॉम्प्लेक्समधलं टॉर्शन

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली साठेक गावं घेतली. एसटीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं अशा जोड्या कडांनी जोडल्या आणि त्या ग्राफचा क्लिक-कॉम्प्लेक्स काढला, म्हणजे ज्या गावांच्या सगळ्या जोड्या आपसात जोडलेल्या आहेत त्यांचा एक सिम्प्लेक्स (बिंदू, कड, भरलेला त्रिकोण, भरलेलं चतुष्फलक आणि पुढे). तीच फाइल रिप्सर या सॉफ्टवेअरमध्ये चालवली तर पहिली बेट्टी संख्या (न भरलेल्या फेऱ्या किती) ५ आणि दुसरी (बंद पोकळ्या किती) २ आली, गुढी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवली तर ४ आणि १. आता तो विचारतोय: कुठलं सॉफ्टवेअर चुकलं? साध्या ग्राफमधून टॉर्शन (एकदा मारून शून्य न होणारी, पण ठरावीक वेळा मारली की शून्य होणारी फेरी) येऊ शकतं का? आणि ग्राफ नुसता पाहून ते आधी ओळखता येतं का?

आधी सॉफ्टवेअरचं बघू. दोन्ही बरोबर असू शकतात. आपण काही सांगितलं नाही तर रिप्सर मोड २ मध्ये (२ ने भागून उरणारी बाकी घेऊन) हिशेब करतं, आणि गुढी पायथनमधून वापरताना मोड ११ मध्ये. म्हणजे तुम्ही एकच प्रश्न दोन वेगळ्या फील्डवर (सहगुणकांच्या दोन वेगळ्या संख्यासंचांवर) विचारलाय. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, फरक पहिल्या आणि दुसऱ्या पायरीवर प्रत्येकी एकनेच आहे, आणि ऑयलर संख्येतला (बेट्टी संख्या किंवा सिम्प्लेक्सच्या संख्या आलटून-पालटून अधिक-उणे केलेली बेरीज) त्यांचा वाटा (उणे ५ अधिक २, उणे ४ अधिक १) दोन्हीकडे उणे ३ च येतो. ही टॉर्शनची सही आहे. पूर्णांकांवरच्या पहिल्या होमॉलॉजीत (भरलेल्या फेऱ्या शून्य धरून फेऱ्यांचा जो ग्रुप उरतो त्यात) २ च्या एखाद्या घाताचा एक चक्रीय तुकडा असला, की मोड २ मध्ये तो दोनदा उगवतो: एकदा आपल्या जागी, एकदा एक पायरी वर. मोड ११ ला तो दिसतच नाही. फरक एकाच पायरीवर आला असता किंवा ऑयलर संख्या जुळली नसती, तर मी सरळ फाइलमध्ये चूक शोधायला सांगितलं असतं. हा तुकडा २ चा आहे, ४ चा की ८ चा, हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी पूर्णांकांवर हिशेब करावा लागतो.

आता टॉर्शन म्हणजे नेमकं काय घडतं ते एकदा हाताने करून बघा. पुस्तकात हे प्रोजेक्टिव्ह प्लेनच्या नावाखाली येतं आणि बरेच जण सूत्र पाठ करून पुढे जातात. आपल्याकडची सहा नावं घेऊ. मध्ये कराड, भोवती क्रमाने सातारा, विटा, मिरज, शिराळा, पाटण. नकाशावरही ही पाच गावं कराडभोवती साधारण याच क्रमाने येतात, त्यामुळे आकृती लक्षात राहते. (खऱ्या अंतरांशी या उदाहरणाचा संबंध नाही.) कराडला या पाचांच्या कड्याशी जोडणारे पाच त्रिकोण घ्या: कराड-सातारा-विटा, कराड-विटा-मिरज, कराड-मिरज-शिराळा, कराड-शिराळा-पाटण, कराड-पाटण-सातारा. मग कराडला न शिवणारे आणखी पाच: सातारा-विटा-शिराळा, विटा-मिरज-पाटण, मिरज-शिराळा-सातारा, शिराळा-पाटण-विटा, पाटण-सातारा-मिरज. एकूण ६ शिरोबिंदू, १५ कडा, १० त्रिकोण. प्रत्येक कड बरोबर दोन त्रिकोणांत येते, तपासून बघा.

कडा तीन जातीच्या आहेत: कराडहून निघणाऱ्या पाच, कड्यावरच्या पाच आणि कर्ण पाच. कर्णांवरून एक फेरी मारा: सातारा, शिराळा, विटा, पाटण, मिरज, परत सातारा. हिला आपण तारा-फेरी म्हणू. बाहेरच्या कड्याची फेरी म्हणजे सातारा, विटा, मिरज, शिराळा, पाटण, परत सातारा. आता दुसऱ्या गटातला त्रिकोण काय सांगतो? सातारा ते विटा सरळ जाणं आणि सातारा ते शिराळा ते विटा असं जाणं होमॉलॉजीच्या दृष्टीने एकच, कारण मधला त्रिकोण भरलेला आहे. कड्यावरच्या पाचही टप्प्यांना हेच करा. प्रत्येक टप्प्याच्या जागी दोन कर्ण येतात, एकूण दहा, आणि ते सगळे तारा-फेरीच्याच दिशेने जातात. म्हणजे कड्याची एक फेरी बरोबर तारा-फेरी दोनदा. पण कड्याची फेरी तर कराडच्या पाच त्रिकोणांनी भरलेली आहे, ती शून्यच. म्हणून तारा-फेरी दोनदा मारली की शून्य.

एकदाच मारली तर? दहापैकी कुठलाही त्रिकोण घ्या, त्यात कर्ण एक तर दोन असतात किंवा एकही नसतो. त्यामुळे त्रिकोणांच्या कुठल्याही बेरजेच्या सीमेत (त्यांच्या काठांच्या बेरजेत) कर्णांच्या सहगुणकांची बेरीज सम येते. तारा-फेरीत कर्ण पाच आहेत, पाच विषम. म्हणजे ती एकटी कधीच सीमा होणार नाही. दोनदा होते, एकदा होत नाही. टॉर्शन म्हणतात ते एवढंच, आणि ते पूर्ण सिद्धतेसह अर्ध्या पानात बसलं. एम.एस्सी.च्या वर्गात मी हे उदाहरण स्मिथ नॉर्मल फॉर्मच्या (पूर्णांकांच्या मॅट्रिक्समध्ये फक्त कर्णावर आकडे उरतील असं रूप) आधी घेतो. कडा आणि त्रिकोण यांचं १५ गुणिले १० चं मॅट्रिक्स स्मिथच्या रूपात आणलं की कर्णावर नऊ वेळा १ आणि एकदा २ येतो, तेव्हा तो २ कुठून आला हे मुलांना आधीच माहीत असतं.

इथे एक खोच आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. वरच्या सहा गावांमधल्या पंधराच्या पंधरा कडा वापरल्या गेल्या आहेत. म्हणजे हा ग्राफ पूर्ण ग्राफ आहे. तो तुम्ही क्लिक-कॉम्प्लेक्सला दिलात तर दहा नाही, वीसही त्रिकोण भरले जातील, वर चतुष्फलकं आणि त्यापुढचंही सगळं. सगळं आकुंचन पावून एक बिंदू होईल आणि टॉर्शन गायब. क्लिक-कॉम्प्लेक्सला त्रिकोण निवडता येत नाहीत, कडा दिल्या की बाकी सगळं आपोआप ठरतं. यावरून काही जणांचा असा समज होतो की ग्राफपासून बांधलेल्या गोष्टीत टॉर्शनला जागा कमी असावी.

तसं नाही. कुठलाही सांत सिम्प्लिशिअल कॉम्प्लेक्स घ्या. त्याचा प्रत्येक सिम्प्लेक्स हा नवा शिरोबिंदू माना, आणि एक दुसऱ्यात सामावत असेल तर त्या दोघांना कडेने जोडा. या ग्राफचा क्लिक-कॉम्प्लेक्स म्हणजे मूळ कॉम्प्लेक्सचं बॅरिसेंट्रिक उपविभाजन, म्हणजे तोच अवकाश. आपल्या कराडच्या उदाहरणात ६ अधिक १५ अधिक १०, असा ३१ शिरोबिंदूंचा ग्राफ होतो आणि त्याच्या क्लिक-कॉम्प्लेक्सच्या पहिल्या होमॉलॉजीत २ चं टॉर्शन असतं. हाच मार्ग कुठल्याही सांत आबेलियन ग्रुपला लागू आहे. पूरक ग्राफ (आहेत त्या कडा काढून नसलेल्या घालायच्या) घेतला की इंडिपेंडन्स कॉम्प्लेक्सलाही (ज्यात आपसात न जोडलेल्या शिरोबिंदूंचे संच सिम्प्लेक्स असतात) तेच लागू. तेव्हा 'ग्राफ आहे म्हणून टॉर्शन नाही' असं वाक्य प्रबंधात असेल तर काढून टाका.

खरा प्रश्न किमान आकाराचा आहे. ३१ पुष्कळच झाले. प्रोजेक्टिव्ह प्लेनचं क्लिक-कॉम्प्लेक्स होऊ शकेल असं त्रिकोणीकरण ११ शिरोबिंदूंत बसतं, आणि ऑयलर संख्येवरून मग ३० कडा आणि २० त्रिकोण ठरतातच. मिखाल आदामाशेक यांनी, थोडी संगणकाची मदत घेऊन, दाखवलं की त्याहून कमी शिरोबिंदूंच्या ग्राफच्या क्लिक-कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या होमॉलॉजीत टॉर्शन येऊच शकत नाही. हा ११ चा आकडा लक्षात ठेवा, खाली कामाला येणार आहे.

तिसरा प्रश्न, ग्राफ पाहून ओळखणं. सरसकट ओळखता येत नाही, पण काही घराणी अशी आहेत की तिथे शोधायची गरजच नाही. पहिली गोष्ट, शून्याव्या आणि सर्वांत वरच्या होमॉलॉजीत टॉर्शन कधीच नसतं. त्यामुळे ग्राफमध्ये त्रिकोणच नसतील (उदाहरणार्थ द्विभाजी ग्राफ, ज्यात शिरोबिंदूंचे दोन गट असतात आणि कडा फक्त एका गटातून दुसऱ्यात जातात), तर क्लिक-कॉम्प्लेक्स म्हणजे ग्राफच, आणि विषय संपला. कॉर्डल ग्राफ असेल, म्हणजे चार किंवा जास्त कडांच्या प्रत्येक चक्राला मधून जोडणारी कड असेल, तर क्लिक-कॉम्प्लेक्सचा प्रत्येक जोडलेला भाग आकुंचन पावतो. कॉर्डल ग्राफचा इंडिपेंडन्स कॉम्प्लेक्सही एक तर आकुंचन पावतो नाही तर गोलांचा गुच्छ होतो. झाडांचंही (चक्र नसलेल्या ग्राफांचंही) तसंच. मात्र द्विभाजी ग्राफचा इंडिपेंडन्स कॉम्प्लेक्स ही वेगळीच गोष्ट आहे. कुठल्याही कॉम्प्लेक्सचं सस्पेन्शन (वर-खाली एकेक टोक जोडून केलेला दुहेरी शंकू) तिथे मिळतं, म्हणजे टॉर्शनही कुठलंही मिळतं. एकाच ग्राफला एका बांधणीत काहीच नाही आणि दुसऱ्या बांधणीत वाट्टेल ते, असं होतं. म्हणून 'या ग्राफमध्ये टॉर्शन आहे का' असं विचारू नये, बांधणीचं नाव आधी घ्यावं.

तुमच्या कामाशी सगळ्यात जवळचा निकाल चेंबर्स, द सिल्वा, एरिक्सन आणि ग्रिस्ट यांचा, २०१० चा. सपाट प्रतलावर बिंदू घेतले, ठरावीक सरळ अंतराच्या आतल्या जोड्या जोडल्या आणि क्लिक भरल्या, तर मिळणाऱ्या रिप्स कॉम्प्लेक्सचा फंडामेंटल ग्रुप (फेऱ्या एकामागोमाग मारून बनणारा ग्रुप) मुक्त असतो. हा ग्रुप आबेलियन केला की पहिली होमॉलॉजी मिळते, आणि मुक्त ग्रुप आबेलियन केला तर टॉर्शन उरत नाही. म्हणजे तुम्ही गावांमधलं अंतर नकाशावर पट्टीने मोजलं असतं, तर पहिल्या होमॉलॉजीत मोड २ आणि मोड ११ यांची उत्तरं जुळलीच पाहिजेत. नाही जुळली तर ती तुमची चूक, गणिताची नाही. पण तुम्ही एसटीचा वेळ घेतलाय. पाटणच्या बाजूला घाट आणि वळणं, मिरजेच्या बाजूला सपाट सरळ रस्ता, तेव्हा पाऊण तासात कापलेलं अंतर दोन्हीकडे सारखं नाही. शिवाय कुठे थेट गाडी आहे, कुठे बदलावी लागते. हे प्रतलातलं अंतर राहत नाही, आणि त्या निकालाचं कवच तुम्हाला मिळत नाही. जाताना आणि येताना वेळ वेगळा असेल तर तुम्ही त्यातला लहान घेतला की मोठा, हेही लिहून ठेवा, कारण त्याने ग्राफ बदलतो.

आता थोडं विषयाबाहेर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. टॉर्शन म्हटलं की सगळे २ च धरून चालतात, कारण उदाहरण नेहमी प्रोजेक्टिव्ह प्लेनचं. ग्राफवरून येणाऱ्या कॉम्प्लेक्सचं सगळ्यात गाजलेलं टॉर्शन ३ चं आहे. सात पैलवान घ्या. दोघांची कुस्ती म्हणजे एक शिरोबिंदू, असे २१. एकाच वेळी लावता येतील अशा, म्हणजे एकही पैलवान सामाईक नसलेल्या कुस्त्यांचा संच म्हणजे सिम्प्लेक्स. दोन कुस्त्यांचे संच १०५, तीन कुस्त्यांचेही १०५. हा पूर्ण ग्राफचा मॅचिंग कॉम्प्लेक्स. पाच पैलवान असतील तर हाच पीटरसन ग्राफ होतो, हे माहीत नसेल तर जरूर काढून बघा. सर्ज बुक यांनी १९९२ मध्ये दाखवलं की सातांच्या कॉम्प्लेक्सची पहिली होमॉलॉजी बरोबर ३ घटकांचा चक्रीय ग्रुप आहे, आणि दुसरी मुक्त, रँक २०. ऑयलर संख्या ताडून बघा: २१ वजा १०५ अधिक १०५ म्हणजे २१, आणि १ अधिक २० म्हणजेही २१.

त्यातली टॉर्शनची फेरी चारच कडांची आहे. पैलवानांना १ ते ७ क्रमांक द्या. १-२ ची कुस्ती, मग ४-५ ची, मग २-३ ची, मग ५-६ ची, परत १-२. लागोपाठच्या दोन कुस्त्यांत सामाईक कुणी नाही, समोरासमोरच्या दोनांत आहे, म्हणून हा चौकोन आतून कुठेच भरलेला नाही. सहाच पैलवान असते तर ही फेरी कितीही वेळा मारली तरी सीमा होत नाही, सहांच्या कॉम्प्लेक्सची पहिली होमॉलॉजी मुक्त आहे. सातवा आखाड्यात आला की १-२, ४-५, ६-७ असे त्रिकोण मिळतात, ४-५ च्या जागी ६-७ सरकवता येतं, आणि या सरकवासरकवीतून तीच फेरी तीनदा मारली की सीमा बनते. एकदा किंवा दोनदा मारून बनत नाही. सातानंतर दहा, तेरा, असे तीन-तीनने पुढे गेलं तरी सर्वांत खालच्या शून्येतर पायरीवर ३ चाच चक्रीय ग्रुप येतो. शेअरशियन आणि वॉक्स यांनी २००७ मध्ये मॅचिंग आणि बुद्धिबळपट (पटावर एकमेकांना न मारणाऱ्या हत्तींचे संच) अशा दोन्ही कॉम्प्लेक्सचं टॉर्शन सविस्तर उलगडलं. ३ गुणिले ४ च्या पटाचा कॉम्प्लेक्स निव्वळ टोरस निघतो, टॉर्शन काहीच नाही, आणि ५ गुणिले ५ वर मात्र दुसऱ्या होमॉलॉजीत ३ हजर. मग वाटतं की इथे ३ चंच राज्य आहे. तर याकोब यॉनसन यांनी चौदांच्या मॅचिंग कॉम्प्लेक्सच्या चौथ्या होमॉलॉजीत ५ चं टॉर्शन दाखवलं. लहान उदाहरणांवरून नियम बांधणाऱ्यांनी हे चौदाचं उदाहरण भिंतीवर लावावं.

'टॉर्शन म्हणजे अपवाद' या समजुतीबद्दलही दोन शब्द. गिल कलाई यांनी १९८३ मध्ये केलीच्या झाडं मोजण्याच्या सूत्राचं वरच्या मितीतलं रूप दिलं. सहा शिरोबिंदू, सगळ्या १५ कडा, आणि परिमेय सहगुणकांवर झाडासारखे वागणारे १० त्रिकोणांचे संच मोजायचे, पण प्रत्येकाला त्याच्या टॉर्शनच्या आकाराच्या वर्गाइतकं वजन द्यायचं. बेरीज ६ चा सहावा घात, म्हणजे ४६,६५६ येते. त्यात टॉर्शन नसलेले ४६,६०८ आणि आपल्या कराडच्या उदाहरणासारखे फक्त १२. बाराला चारने गुणून ४८, हिशेब पुरा. सहा शिरोबिंदूंत अपवादच म्हणा. पण शिरोबिंदू वाढवत नेले की तेच सूत्र सांगतं की टॉर्शनचा सरासरी आकार प्रचंड होतो. यादृच्छिक द्विमितीय कॉम्प्लेक्समध्ये एकेक त्रिकोण टाकत गेलं तर एका ठरावीक टप्प्याजवळ टॉर्शनचा मोठा ग्रुप एकदम उसळतो आणि लगेच नाहीसा होतो. मॅथ्यू काल, लुट्झ, न्यूमन आणि पार्सन्स यांनी संगणकावर हे नीट नोंदवलं आहे. खऱ्या माहितीवरून बांधलेल्या कॉम्प्लेक्समध्ये असं सहसा दिसत नाही, कारण तिथल्या कडा यादृच्छिक नसतात, शेजारी शेजाऱ्याला धरून असतो.

म्हणूनच तुमचं उत्तर पाहून मला आनंदापेक्षा शंका जास्त आली. गावांचं जाळं प्रतलापासून फार लांब जात नाही. तेव्हा पुढचं काम असं करा. दोन्ही सॉफ्टवेअरना आधी एकच मूळ संख्या द्या, २, मग ३, मग ५. तिन्हीला दोघांचं एकमत झालं की सॉफ्टवेअरचा प्रश्न मिटला. मग पाऊण तासाच्या मर्यादेवरचा ग्राफ वेगळा काढा आणि तो बारीक करा. एखादं गाव आणि त्याचे सगळे शेजारी मिळून जो संच होतो, तो दुसऱ्या एखाद्या गावाच्या अशाच संचात पूर्ण सामावत असेल, तर पहिलं गाव काढून टाका. क्लिक-कॉम्प्लेक्सचा होमोटोपी प्रकार, आणि म्हणून होमॉलॉजीही, बदलत नाही. हे थांबेपर्यंत करत राहा. साताऱ्याजवळची, मिरजेजवळची बरीच लहान गावं यात पटापट गळून पडतील. उरलेला ग्राफ दहा किंवा कमी गावांचा असेल तर पहिल्या होमॉलॉजीत टॉर्शन असूच शकत नाही, आणि मग चूक तुमच्या फाइलमध्येच आहे. अकरा किंवा जास्त उरले तर सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्णांकांवर होमॉलॉजी काढा. एवढ्या लहान मॅट्रिक्सला स्मिथ नॉर्मल फॉर्म क्षणात मिळतो. साठ गावांवर थेट करू नका, मधले आकडे फुगत जातात आणि मेमरी खाल्ली जाते. सेज शून्याव्या पायरीवर एक कमी दाखवेल, ते रिड्यूस्ड होमॉलॉजी वापरतं म्हणून. घाबरू नका.

२ चा तुकडा खरंच निघाला, तर तो वाहणारी फेरी गावांच्या नावांसह काढा आणि तिच्यावरच्या प्रत्येक कडेचा वेळ वेळापत्रकात पुन्हा तपासा. एक कड वाढली की कॉम्प्लेक्सला जे चिकटतं ते त्या दोन गावांच्या सामाईक शेजाऱ्यांवर ठरतं. ते शेजारी आपसात दोन अलग गटांत विभागलेले असतील तर एक चकती चिकटते, आणि चकती टॉर्शन आणूही शकते, घालवूही शकते. पंचेचाळीसऐवजी चौवेचाळीस आणि सेहेचाळीस मिनिटांवरही हिशेब करून बघा. दोन्हीकडे टॉर्शन टिकलं तर प्रबंधात त्याला स्वतंत्र परिच्छेद द्या आणि फेरीतली गावं नावानिशी छापा. नाही टिकलं तर तक्त्याखाली एक ओळ पुरे: कुठल्या मर्यादेवर, कुठल्या मूळ संख्येला फरक आला. आणि पुढच्या प्रत्येक तक्त्यात बेट्टी संख्येशेजारी मोड किती ते लिहायला विसरू नका.